विचार काढून घेतला, तर गोष्ट उरते का?

ॲनिमेवर मराठीत पुस्तक लिहितोय असं सांगितलं की दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पालक विचारतात, "त्यातून मुलांनी घ्यायचं काय?" आणि मुलं बजावतात, "काका, 'डेथ नोट' घ्या, 'इव्हँजेलियन' घ्या, पण 'डोरेमॉन'वर पानं वाया घालवू नका. तो टाईमपास आहे." या विषयावर आईबाप आणि मुलं एकमेकांशी धड बोलत नाहीत, पण एका मुद्द्यावर त्यांचं एकमत असतं. करमणूक ही हलकी गोष्ट, आणि तिला मान हवा असेल तर तिनं सोबत विचाराचा दाखला आणावा.

विचार करायला लावणारा ॲनिमे श्रेष्ठ की निव्वळ करमणुकीचा, हा वाद याच समजुतीतून उभा राहतो. ती समजूतच मला मान्य नाही. म्हणून मी ॲनिमे पाहताना एक कसोटी लावतो. गोष्टीतून विचार काढून घेतला, तर मागं काय राहतं? गोष्ट जशीच्या तशी चालू राहिली, तर तो विचार पाहुणा होता. ती कोसळली, तर तो घरचा होता. पुढच्या सगळ्या प्रकरणांत हीच कसोटी वापरली आहे. ती कुठून आली आणि तिनं माझी कोणती मतं बदलली, ते इथं सांगतो.

हे पुस्तक तुळिंजमध्ये लिहिलं गेलं. नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेचं हे जुनं गाव आता चाळी, इमारती, क्लासेस आणि मोबाईलच्या दुकानांनी खचाखच भरलं आहे. इथला तरुण ॲनिमे पाहतो तो बहुधा विरार लोकलमध्ये, एका हातानं कडी धरून, दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन. नालासोपाऱ्याहून चर्चगेट गाठायला सव्वा-दीड तास लागतो. एक भाग साधारण चोवीस मिनिटांचा. सुरुवातीचं नि शेवटचं गाणं पुढं सरकवलं तर बोरिवली यायच्या आत तो संपतो. जपानीत ऐकून खालची ओळ वाचणं गर्दीच्या धक्क्यांत जमत नाही, म्हणून हिंदी डब. घर सोडल्यापासून परत येईपर्यंत बारा-तेरा तास मोडणाऱ्या या मुलाला त्या वेळात हसायचं असेल, नाहीतर 'वन पीस'मधल्या लुफीबरोबर समुद्रावर जायचं असेल, तर त्याला कमी लेखण्याचा अधिकार कुणाला आहे? करमणुकीला नाकं मुरडणाऱ्यांनी प्रेक्षकाच्या दिवसाकडे एकदा पाहावं. तमाशालाही पांढरपेशा घरांनी कित्येक दशकं उंबऱ्याबाहेर ठेवलं. तिथं आक्षेप जेवढा खेळावर होता, तेवढाच तो पाहणाऱ्या माणसांवरही होता. ॲनिमेच्या बाबतीत तसं होऊ नये असं मला कळकळीनं वाटतं.

मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावानं तो आपल्याकडे पूर्वीच झडून गेला आहे. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या प्रश्नावर महाराष्ट्राच्या वाचनालयांत आणि कॉलेजांत तट पडले होते. 1940च्या रत्नागिरी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फडके होते, आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला खांडेकर. दोन्ही बाजूंना व्यासपीठ मिळालं, तरी वाद मिटला नाही. फडके म्हणत, वाचकाला आनंद देणं हे लेखकाचं पहिलं काम. खांडेकरांना त्या आनंदामागं माणसाच्या दुःखाची जाण हवी होती. पण त्यांच्या घोषणा बाजूला ठेवून पुस्तकं उघडली तर काय दिसतं? फडक्यांच्या कादंबऱ्यांत स्वातंत्र्याची चळवळ येते. खांडेकर तर 1936च्या 'छाया'पासून मास्टर विनायकांसाठी चित्रपटकथा लिहीत होते, म्हणजे तिकीट काढून आलेल्या माणसाला खुर्चीत बांधून ठेवण्याचं तंत्र त्यांना चांगलं अवगत होतं. ज्या 'ययाति'नं मराठीला 1974चं पहिलं ज्ञानपीठ मिळवून दिलं, ती कादंबरी लोकांनी वासनेवरचं चिंतन म्हणून हातात घेतली नाही. देवयानी पुढं काय करणार, शर्मिष्ठेचं काय होणार, पुरू बापाला काय उत्तर देणार, हे कळल्याशिवाय ती खाली ठेवता येत नाही. आता तिच्यातून न शमणाऱ्या भोगाचा प्रश्न काढून पाहा. ययातीला तारुण्य उसनं मागायचं कारणच उरत नाही, आणि कादंबरी तिथंच बसते.

याच कसोटीचं सर्वांत जुनं उदाहरण माझ्या घरापासून जवळच आहे. स्टेशन ओलांडून पश्चिमेला गेलं की सोपाऱ्याचा स्तूप लागतो. लोक त्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणत. 1882मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते उकरलं. आत दगडी पेटी निघाली, तिच्यात बुद्धाच्या छोट्या मूर्ती आणि एकात एक ठेवलेले करंडक होते. शूर्पारक म्हणजे हेच सोपारा, पश्चिम किनाऱ्यावरचं गजबजलेलं बंदर. 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथात या गावच्या पूर्णाची कथा आहे. ती मी पहिल्यांदा सबंध वाचली तेव्हा मनात आलं, याचे बारा भाग सहज होतील.

पूर्ण हा श्रीमंत सावकाराचा दासीपासून झालेला मुलगा. वाटणीच्या वेळी दोन सावत्र भाऊ त्याला बाहेर काढतात, थोरला तेवढा त्याच्या बाजूनं उभा राहतो. थंडीनं कुडकुडणाऱ्या एका मोळीवाल्याच्या लाकडांत त्याला अस्सल गोशीर्ष चंदन सापडतं, राजाला ताप येतो, औषधाला तेच चंदन लागतं, आणि पूर्णाचं नशीब फिरतं. तो सहा वेळा समुद्र पार करून सुखरूप परततो. सातव्या सफरीत गलबतावर श्रावस्तीचे व्यापारी असतात. ते रोज पहाटे काहीतरी म्हणत असतात. हे गाणं कसलं, असं पूर्ण विचारतो, आणि त्या उत्तरापाशी त्याचं आयुष्य वळण घेतं. तो भिक्षू होतो आणि श्रोणापरांत नावाच्या रांगड्या मुलखात जायची परवानगी मागतो. तिथले लोक शिव्या देतील तर, असं बुद्ध विचारतात. पूर्ण म्हणतो, हात तरी उगारला नाही म्हणून मी त्यांना भले मानेन. हात उगारला तर? दगड मारले तर? शस्त्र काढलं तर? जीवच घेतला तर? दर पायरीला धोका वाढतो आणि दर पायरीला उत्तर अधिक शांत होत जातं. हा उपदेश आहे खरा, पण त्याची रचना थरारकथेची आहे. पुढचा प्रश्न आणखी कठीण असणार हे ऐकणाऱ्याला कळलेलं असतं आणि तो कान टवकारून बसतो. नंतर त्या थोरल्या भावाचं गलबत चंदनाच्या बेटाजवळ यक्षानं उठवलेल्या वादळात सापडतं, तेव्हा त्याला वाचवायला हाच पूर्ण येतो. करुणेचा विचार काढून घ्या. पूर्णाला तिथं येण्याचं कारण राहणार नाही, गलबत बुडेल आणि गोष्टही.

ही कथा रचणाऱ्यांनी रंजन आणि बोध यांचे दोन वेगळे डबे केले नव्हते. आपल्या नारदीय कीर्तनातही पूर्वरंगाचं निरूपण उत्तररंगातल्या आख्यानाशी जोडावं लागतं. तो जोड सैल पडला की श्रोते उठू लागतात.

जपानकडे वळतो. टीव्हीवरच्या ॲनिमेत विचाराला एवढी जागा कशी मिळाली, याचं एक कारण पैशाची टंचाई आहे, आणि ते पुरेसं सांगितलं जात नाही. ओसामू तेझुका यांचा 'आतोमु', म्हणजे 'ॲस्ट्रो बॉय', 1 जानेवारी 1963ला सुरू झाला. दर आठवड्याला नवा भाग, आणि हातात तुटपुंजं बजेट. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. प्रत्येक चौकटीला नवं चित्र काढणं परवडणारं नव्हतं, म्हणून एकच चित्र तीन चौकटींना वापरायचं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. पात्र बोलत असेल तर फक्त ओठ हलवायचे. चेहरा स्थिर ठेवून मनातलं बोलणं ऐकवायचं. आकाश, रिकामी खोली, तारांवर बसलेले पक्षी दाखवून वेळ भरायचा. हालचाल महाग असल्यानं कथा, संवाद आणि आतला आवाज यांच्यावर भार पडला. त्या भारातून एक शैली घडली.

तिचं टोक पाहायचं असेल तर 1995-96च्या 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन'चा बाविसावा भाग पाहा. लिफ्टमध्ये दोन मुली उभ्या आहेत, आसुका पुढं आणि रेई मागं. जवळजवळ मिनिटभर कुणी बोलत नाही, कुणी हलत नाही. लिफ्टचा आवाज तेवढा येतो. चित्रं वाचवण्याची युक्ती म्हणून कुणी हे दृश्य मोडीत काढील. पण त्या मिनिटात पाहणाऱ्याची जी घुसमट होते, ती तलवारीच्या शंभर वारांनी झाली नसती. दोन माणसं एकमेकींना खेटून उभी आहेत आणि एकमेकींपर्यंत पोचू शकत नाहीत, हे विरार लोकलच्या प्रवाशाला समजावून सांगावं लागत नाही. इथं विचार संवादात आलेला नाही. तो थांबण्यात आहे.

आता 'डेथ नोट'. मुलांच्या यादीत विचारप्रवर्तक म्हणून हा पहिला असतो. ज्या वहीत नाव लिहिलं की माणूस मरतो ती वही लाइट नावाच्या हुशार विद्यार्थ्याच्या हाती लागते, आणि गुन्हेगारांना मारण्याचा हक्क कुणाला, हा प्रश्न उभा राहतो. प्रश्न मोठा आहे. पण सदतीस भागांत तो पहिल्या काही भागांपुढं फारसा सरकत नाही. पुढं रंगते ती लाइट आणि त्याच्या मागावर असलेला गुप्तहेर एल यांची एकमेकांवरची कुरघोडी. खोलीत सगळीकडे कॅमेरे लावलेले असताना लाइट अभ्यास करतोय असं भासवतो, वेफर्सच्या पाकिटात छोटा टीव्ही दडवतो, एका हातानं गणितं सोडवतो आणि दुसऱ्या हातानं पाकिटातल्या वहीच्या कपट्यावर नावं लिहितो. एक वेफर उचलून खाणं एवढीच कृती, पण संगीत आणि कॅमेरा तिला युद्धाच्या थाटात दाखवतात. हे अव्वल दर्जाचं रंजन आहे. शिक्षेच्या अधिकाराचा प्रश्न बाजूला काढला तरी हा पाठलाग तितकाच रंगेल. माझ्या लेखी 'डेथ नोट' हा उत्कृष्ट करमणुकीचा ॲनिमे आहे, आणि असं म्हणण्यात त्याचा कमीपणा नाही. गडद रंग, मृत्यू आणि लॅटिन समूहगान एकत्र आलं की खोली आली, असं आपण फार लवकर मानतो.

याउलट 'माय नेबर तोतोरो'. लहान मुलांचा गोड चित्रपट म्हणून तो बाजूला सारला जातो. 16 एप्रिल 1988ला जपानमध्ये स्टुडिओ जिब्लीनं एकाच तिकिटात दोन चित्रपट दाखवले, हायाओ मियाझाकींचा 'तोतोरो' आणि इसाओ ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज'. दुसऱ्यात युद्धात अनाथ झालेली दोन भावंडं उपासमारीनं खंगत जातात. श्रेष्ठ कोणता असं विचारलं तर बहुतेक जण क्षणात दुसऱ्याचं नाव घेतील. पण 'तोतोरो'तल्या सात्सुकी आणि मेई यांची आई दवाखान्यात आहे. ती घरी येईल का, हे मुलींना कुणी नीट सांगत नाही. मियाझाकींच्या स्वतःच्या आईनं क्षयामुळं अनेक वर्षं अंथरुणात काढली होती. पावसात बसथांब्यावर सात्सुकी पाठीवर झोपलेल्या मेईला घेऊन बाबांची वाट पाहते, आणि शेजारी डोक्यावर पान धरून तो अजस्र प्राणी येऊन उभा राहतो. ती त्याला छत्री देते. छत्रीवर पडणाऱ्या थेंबांचा टपटपाट ऐकून तो हरखतो आणि उडी मारून झाडावरचं सगळं पाणी खाली पाडतो. प्रेक्षक खळाळून हसतात. आईच्या आजारपणाची भीती काढून घेतली तर तोतोरोला या मुलींना भेटायचं काही प्रयोजनच राहत नाही. कसोटीवर 'तोतोरो' उतरतो, आणि 'डेथ नोट'पेक्षा सरस उतरतो. मुलांशी माझा सर्वांत मोठा वाद इथंच होतो.

'फुलमेटल अल्केमिस्ट' दोन्ही बाजूंना एकाच वेळी जिंकतो. काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं काही द्यावं लागतं, हा तिथल्या किमयेचा नियम. मेलेल्या आईला परत आणायला निघालेले दोन भाऊ त्याची किंमत हातापायांनी आणि शरीरानं चुकवतात. मारामारीही याच नियमानं चालते आणि पश्चात्तापही. नियम काढला की एकही लढाई उभी राहत नाही.

विचार चित्रपटात जेवढा असतो, तेवढाच तो पाहण्याच्या जागेतही असतो, हे मला तुळिंजनं शिकवलं. माकोतो शिंकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' 2019च्या ऑक्टोबरात भारतातल्या चित्रपटगृहांत लागला, तोही इथल्या चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवली म्हणून. तोक्योत पाऊस थांबत नाही. एका मुलीनं स्वतःचा बळी दिला तर थांबेल. तिच्यावर प्रेम करणारा मुलगा म्हणतो, शहर बुडालं तरी चालेल, ती हवी. ती परत येते आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली जातो. परीक्षणांतून हा प्रेम आणि कर्तव्य यांचा पेच म्हणून चर्चिला गेला. आमच्याकडे तळमजल्यावर राहणाऱ्यांना त्यात दुसरंच काही दिसलं. 2018च्या जुलैत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, वसई-विरारमध्ये घरंच्या घरं पाण्यात होती. तुळिंज रोडवर पाणी साचलं नाही असा पावसाळा आम्हाला आठवत नाही. चित्रपटाच्या शेवटी पाण्यामुळं घर सोडावं लागलेली एक आजी म्हणते की तो भाग पूर्वी समुद्रच होता. एकेकाळी बंदर असलेल्या, खाडी गाळानं भरलेल्या, मिठागरं आणि सखल शेतं बुजवून इमारती उभ्या राहिलेल्या भागातल्या माणसाला हे वाक्य कसं ऐकू येईल, याचा अंदाज तोक्योतल्या लेखकालाही आला नसेल. चित्रपट तिचं बोलणं दिलासा म्हणून मांडतो. इथं ते आरोपासारखं लागतं. पाणी त्याच्या जुन्या जागी आलं, हे खरं. पण ती जागा माणसांना घर म्हणून कुणी विकली?

हा प्रश्न त्या चित्रपटानं विचारलेला नाही. पण चित्रपट इतका रंगलेला नसता, तर मुलं तो पाहायला गेलीच नसती आणि हा प्रश्न इथं निघालाच नसता.

ॲनिमे आपल्या घरात कधी आला, याचा इतिहास दुसऱ्या प्रकरणात सविस्तर आहे, म्हणून इथं थोडक्यात. 1993मध्ये दूरदर्शनवर रविवारी लागणारा 'जंगल बुक' हा जपानी ॲनिमे होता, आणि त्यातल्या शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा होता. युगो साको यांनी मुंबईच्या राम मोहन यांच्यासोबत केलेलं 'रामायण' 1992चं. भारतातल्या चित्रपटगृहांत ते धूमधडाक्यात झळकायला 2025चा जानेवारी उजाडला. बेसबॉलच्या एका गाजलेल्या जपानी कथेवरून केलेला 'सूरज' 2012मध्ये आला, त्यातला मुलगा मुंबईच्या झोपडपट्टीत राहून क्रिकेट खेळतो. 'शिनचॅन'वर 2008मध्ये काही काळ बंदी आली. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलेली 'तोत्तोचान' आपल्या शिक्षकांनी आणि पालकांनी मनापासून वाचली. त्याच पुस्तकावर जपानमध्ये 2023मध्ये ॲनिमे चित्रपट झाला, तो मात्र यातल्या फार थोड्यांनी पाहिला असेल. पुस्तक चालतं आणि चित्र चालत नाही, ही अढी सुटली पाहिजे.

मग श्रेष्ठ कोण? मी टाळाटाळ करत नाही. ज्यात विचार आणि गोष्ट एकमेकांपासून सोडवता येत नाहीत, तो ॲनिमे सर्वांत वरचा. त्याच्या खाली, प्रामाणिकपणे आणि कसबानं केलेली निव्वळ करमणूक. नोबिताची रोजची फजिती आणि डोरेमॉनच्या खिशातून निघणारं यंत्र इथं मानानं बसतं. आणि तिच्याही खाली, गोष्ट जमली नाही म्हणून पात्रांच्या तोंडी तत्त्वज्ञान घालणारे ॲनिमे. असे पुष्कळ आहेत, त्यांतल्या काहींना मोठं नाव आहे, आणि त्यांच्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. ते वाचून काही तरुण वाचक रागावतील. त्यांनी जरूर वाद घालावा.

पालकांना एकच विनंती. पुस्तक वाचायच्या आधी मुलाशेजारी बसून त्याच्या आवडीचा एक भाग पूर्ण पाहा, मध्ये न उठता. तो संपल्यावर यातून काय शिकलास असं विचारू नका. पुढं काय होतं ते विचारा, आणि तो सांगेल ते सगळं ऐका.

तुळिंज, नालासोपारा (पूर्व)